गाव म्हणजे नेमके कोण?

प्रायश्चित्तकाळाच्या अखेरीस आपल्या प्रत्येक धर्मग्रामात एक प्रश्न उभा राहतो आणि बहुधा पाच-दहा मिनिटांत तो निकालातही निघतो. चाळीस दिवसांच्या त्यागातून जी रक्कम जमली तिचा काही भाग धर्मग्रामाने आपल्या पसंतीच्या कार्याला द्यायचा असतो. तो कोणत्या कार्याला द्यावा, एवढाच तो प्रश्न. काही वर्षांपूर्वी आमच्या पॅरिश कौन्सिलपुढे दोन प्रस्ताव आले होते. एक होता गरीब कुटुंबांना धान्य व कपडे देण्याचा. दुसरा होता तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावाच्या पाणलोट विकासाला हातभार लावण्याचा. दुसऱ्या प्रस्तावात एक वाक्य असे होते की हे काम बाहेरचे कोणी करणार नसून गाव स्वतःच करणार आहे; गाव श्रमदान करील, नियम घालून घेईल आणि पुढे त्याची देखभालही करील. ते वाक्य वाचल्याबरोबर आमच्यापैकी बहुतेकांचे मत झाले. धान्य देऊन माणूस लाचार होतो, पाणी अडवून तो स्वावलंबी होतो, असे मीच त्या सभेत काहीशा तोऱ्यात बोललो होतो. ठराव एकमताने संमत झाला. ‘गाव’ म्हणजे कोण, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही.

वर्षभराने आम्ही सातआठ जण ते काम पाहावयास गेलो. मे महिना होता. डोंगराच्या अंगावर सलग समतल चर एकाखाली एक असे काढलेले होते, जणू कोणी फणीने केस विंचरावेत. चरांच्या कडेने लावलेली रोपे गुडघ्याएवढी झाली होती. खाली ओढ्यावर दगडी बांध होता. सरपंचांनी आम्हांला तीन विहिरी दाखविल्या. मे महिन्यात तिन्हींत पाणी होते आणि पूर्वी ते फेब्रुवारीतच आटत असे, असे ते अभिमानाने सांगत होते. तो अभिमान खोटा नव्हता. आम्ही टाळ्या वाजविल्या, फोटो काढले, आणि मग ज्वारीची भाकरी व पिठल्याचे जेवण झाले.

जेवणानंतर मी एकटाच वस्तीच्या कडेला फिरावयास गेलो तेव्हा एका खोपटासमोर एक वृद्ध बाई दावणीच्या रिकाम्या खुंट्यांजवळ बसल्या होत्या. मी सहज विचारले, “आजी, यंदा पाणी चांगलं आहे म्हणे?”

“हाय की,” त्या म्हणाल्या. “ज्येच्या हिरीत हाय त्येच्या हिरीत हाय.”

त्यांच्या सहा शेळ्या होत्या. चराईबंदीचा ठराव झाला तेव्हा डोंगर बंद झाला, आणि चारा विकत घेऊन शेळ्या पोसणे जमेना म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी त्या एकेक करून बाजारात विकल्या. जमीन नव्हतीच. “आमाला शेत न्हवतंच भाऊ, डोंगर हुता. आता डोंगर गावाचा झाला,” असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच मला अधिक लागले. परतीच्या प्रवासात मी हे कोणालाच सांगितले नाही.

येथे गैरसमज होऊ नये म्हणून काही गोष्टी स्पष्ट करावयास हव्यात. चराईबंदी हा कोणा दुष्टाचा कावा नव्हे. उघड्या डोंगरावर पडलेला पाऊस माती घेऊन धावत सुटतो. त्याला चालावयास लावायचे, मग थांबवायचे आणि शेवटी जमिनीत मुरवायचे, यासाठी माथ्यापासून पायथ्याकडे काम करावे लागते, आणि नव्या चरांवरचे गवत व रोपे दोन-तीन वर्षे जनावरांच्या तोंडी पडू न देणे त्यासाठी अटळ असते. राळेगण सिद्धीने 1975 नंतर हेच केले, आणि 1990 च्या दशकात हिवरे बाजारनेही हेच केले. ही गावे आज देशात नावाजली जातात ती या शिस्तीमुळेच. या कामात आपल्या ख्रिस्तसभेचा वाटाही लहान नाही. स्विस जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाकर यांनी आपल्या आयुष्याचा मोठा काळ नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात घालविला. नाबार्डच्या साहाय्याने चाललेला भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम त्यांच्याच प्रेरणेतून आकाराला आला आणि 1993 साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली. त्यांचा आग्रह असा होता की गावाने मागितल्याखेरीज काम सुरू करायचे नाही, आणि गावाने आधी श्रमदान करून आपली तयारी सिद्ध करायची. उल्लेखनीय गोष्ट अशी, की त्या कार्यक्रमाच्या नियमांत भूमिहीन आणि एकट्या पालकावर चालणाऱ्या कुटुंबांना श्रमदानातून सूट होती. म्हणजे ज्याला जमीनच नाही त्याच्याकडून दुसऱ्याच्या जमिनीसाठी फुकट घाम मागणे योग्य नव्हे, हे तो नियम करणाऱ्यांना कळत होते. श्रमाचा प्रश्न त्यांनी पाहिला होता. शेळ्यांचा प्रश्न मात्र श्रमापेक्षा अवघड आहे, कारण तेथे गरिबाकडून काही मागितले जात नाही. जे त्याच्या वापरात होते तेच काढून घेतले जाते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गावाच्या भल्यासाठी गावातील सर्वांत गरीब माणसाला सोसावयास लावणे न्याय्य आहे काय, आणि असल्यास कोणत्या अटीवर?

ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण येथे आपल्याला दोन तत्त्वे देते आणि माझ्या मते ही दोन तत्त्वे नेहमीच एकमेकांच्या सोयीने वागत नाहीत. पहिले तत्त्व पोप पायस अकरावे यांनी 1931 च्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या विश्वपरिपत्रकात मांडले. लहान समूहाला जे स्वतः करता येते ते मोठ्या सत्तेने आपल्या हाती घेऊ नये, असे ते तत्त्व आहे. ‘गावाचा कारभार गावानेच करावा’ हे त्याचेच आपल्या भाषेतील रूप. दुसरे तत्त्व त्याहून प्राचीन आहे. परमेश्वराने निर्माण केलेली संपत्ती सर्वांसाठी आहे, आणि खासगी मालकी ही त्या मूळ हेतूच्या अधीन असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली ते पुन्हा ठामपणे सांगितले आणि पोप पॉल सहावे यांनी 1967 च्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसियो’मध्ये त्यासाठी संत अँब्रोजचा आधार घेतला. गरिबाला देणारा स्वतःचे काही देत नसून त्याचेच त्याला परत करीत असतो, असा त्या संताच्या विचाराचा आशय आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’मध्ये तर सुरक्षित पिण्याचे पाणी हा मूलभूत मानवी हक्क म्हटला.

पहिले तत्त्व म्हणते, गावावर सोपवा. दुसरे म्हणते, प्रत्येकाला त्याचा वाटा मिळाला पाहिजे. पण गावावर सोपविले आणि गावाने वाटा दिला नाही तर? 1948 साली घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रामजीवनाच्या गौरवावर जी कठोर टीका केली ती अनेकांना तेव्हा झोंबली होती. गाव म्हणजे एकजीव कुटुंब असे मानणाऱ्यांनी ते गाव कोणत्या आळीत उभे राहून पाहिले, असाच त्यांच्या टीकेचा रोख होता. नगर जिल्ह्यातील आपले अनेक मराठी कॅथलिक बांधव ज्या समाजांतून आले त्यांना हे कोणी समजावून सांगावयास नको. पाणवठ्यावरचा ‘गाव’ हा शब्द त्यांच्या पूर्वजांना वगळूनच उच्चारला जात होता. आम्ही वसईकडच्या वाडीवाल्या कॅथलिकांनी मात्र तो शब्द इतका सहज स्वीकारावा, याचे मला आता आश्चर्य वाटते.

आश्चर्य वाटण्याचे आणखी एक कारण आहे. पाणी कुणाचे, हा धडा आम्ही आमच्याच अंगणात शिकलो होतो. वसईत 1980 च्या दशकापासून टँकरवाल्यांनी बागायतदारांच्या विहिरींतून पाणी उपसून मुंबईच्या वेशीवरच्या वाढत्या वस्त्यांना विकावयास सुरुवात केली. विहीर माझी, पाणी माझे, विकीन नाहीतर ओतीन, असे विकणारा म्हणत असे, आणि कायद्याने तो फारसा चूकही नव्हता. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीखालचे पाणी जमीनमालकाच्या हक्कात धरले गेले आहे. पण एकाच्या विहिरीवर पंप लागला की शेजाऱ्याची विहीर खाली जात होती, आणि समुद्राकडून खारे पाणी आत सरकत होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली ती याच जाणिवेतून. विहीर एकाची असली तरी झरा एकाचा नसतो, हे तेव्हा आम्हांला पटले. कारण कोरडी पडत होती ती आमची विहीर होती. परक्या गावात तीच गोष्ट पटावयास एका वृद्धेच्या रिकाम्या खुंट्या पाहाव्या लागल्या.

पवित्र शास्त्रात या प्रश्नाला थेट भिडणारा एक प्रसंग आहे, आणि प्रवचनांतून तो मी क्वचितच ऐकला आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातील तो प्रसंग. जेरुसलेमची पहिली ख्रिस्ती मंडळी सर्व काही समाईक ठेवीत होती. लोकसहभागाचा याहून मोठा आदर्श कोठून आणावा? तरीही रोजच्या वाटपात ग्रीकभाषक विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले आणि कुरकूर सुरू झाली. मंडळी वाईट होती असे लूक म्हणत नाही. बहुधा वाटणाऱ्यांना त्या विधवांची घरे ठाऊक नसावीत, भाषा परकी वाटत असावी, किंवा त्या रांगेत मागे उभ्या राहत असाव्यात. दुर्लक्ष व्हावयास द्वेष लागत नाही. प्रेषितांनी त्यावर उपदेश करून विषय संपविला नाही. त्यांनी सात जण निवडावयास सांगितले आणि वाटपाचे काम त्यांच्या हाती दिले. त्या सातांची नावे वाचून पाहा: स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तिमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती कोठाराची किल्ली देण्यात आली. आपल्याकडे एखाद्या समितीत ‘दुर्बल घटकांचा एक प्रतिनिधी’ घेतात. बाकीच्यांचे ठरून गेल्यावर त्याची सही घेतली जाते. जेरुसलेमच्या त्या निवडीचा प्रकार काही वेगळाच होता.

हे पहिल्या शतकात जमले, आज जमत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. आपल्याच राज्यात ते करून दाखविणारी माणसे होऊन गेली. पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे 1972 च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात गेले. रोजगारासाठी खडी फोडणारी माणसे पाहून ते अस्वस्थ झाले. नायगाव येथे त्यांनी देवस्थानाची सुमारे 40 एकर उजाड जमीन खंडाने घेतली आणि माती अडविणे, पाझर तलाव बांधणे असे प्रयोग पत्नी कल्पनाताई यांच्यासह तेथे राहून केले. त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम साधे होते, पण त्यांतला प्रत्येक नियम कोणा ना कोणाच्या हितसंबंधाला टोचणारा होता. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच. ऊस लावायचा नाही. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, त्यामुळे जमीन विकली तरी पाणी विकता येणार नाही. आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा असेल. योजनेच्या खर्चातील पाचवा हिस्सा सभासदांनीच उभा करायचा. साळुंखे 2002 साली निवर्तले. त्यांच्या योजनांपैकी काही पुढे कोलमडल्या, हे मान्यच केले पाहिजे; पण ‘पाणी माणसांच्या प्रमाणात’ हा त्यांचा विचार त्यामुळे चुकीचा ठरत नाही.

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळवडी व तांदुळवाडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात बळीराजा स्मृती धरण बांधावयास घेतले. त्यासाठी नदीतील वाळू विकून पैसा उभा केला, आणि पाणी प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनांनाही, सारखे द्यावे असे ठरविले. दूर हरियाणात शिवालिक डोंगरांच्या कुशीतल्या सुखोमाजरी गावाची गोष्ट तर आमच्या आजींच्या गोष्टीशी अगदी जवळची आहे. तेथेही चराई थांबविल्याखेरीज डोंगर वाचणार नव्हता. 1970 च्या दशकाच्या अखेरीस तेथे असे ठरले की बंधाऱ्याच्या पाण्यात प्रत्येक घराचा सारखा वाटा राहील, मग त्या घराला जमीन असो वा नसो. ज्याला जमीन नाही त्याने आपला वाटा दुसऱ्याला देऊन मोबदला घ्यावा. तेव्हा कुठे लोकांनी आपण होऊन जनावरे डोंगरावरून खाली आणली. तेथे डोंगर बंद झाला आणि पाण्यातला वाटा मिळाला, या दोन्ही गोष्टी एकाच करारातल्या होत्या.

आता यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. आमच्या त्या सरपंचांनीच पुढे मला तो ऐकविला. ते म्हणाले, “अहो, आधी पाणी तर येऊ द्या, मग वाटपाचं बघू. आधीच वाट्याचं बोललो असतो तर वरच्या आळीनं बैठकच उधळली असती, आणि आज तिन्ही विहिरी कोरड्या असत्या.” शिवाय विहिरींना पाणी आले की दुसरे पीक येते, खुरपणीकाढणीला माणसे लागतात, ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडे गावात थांबतात, म्हणजे भूमिहीनालाही शेवटी फायदा होतोच. हे खरे आहे. कामाच्या काळात त्या वस्तीवरच्या अनेकांना रोख मजुरी मिळाली, हेही खरे. तरीही दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. एक, काळाची. तोटा पहिल्या उन्हाळ्यात झाला आणि फायदा पाचव्या पावसाळ्यानंतर येणार आहे; सत्तरीच्या बाईला पाच पावसाळे म्हणजे किती? दुसरी गोष्ट अशी, की पाणी एकदा विहिरीत उतरले की त्याला मालक मिळतो. चर खणले जात असताना ते सर्वांचे असते. सरकारी पैसा, देणगीदारांचा पैसा, गावाचे श्रम, सारे एकत्र ओतलेले असतात. वाट्याविषयी बोलण्याची खरी वेळ तीच. पंप बसल्यावर वाटा मागणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले मागणे होते, आणि मागणारा पुन्हा लाचारच ठरतो, ज्या लाचारीविरुद्ध मी त्या सभेत एवढे बोललो होतो तोच.

श्रमदानाविषयी एक आडवळणाची गोष्ट येथे सांगावीशी वाटते. 2016 ते 2019 या वर्षांत ‘पाणी फाउंडेशन’च्या वॉटर कप स्पर्धेमुळे राज्यात श्रमदानाची लाट आली होती. 1 मे 2018 रोजी शहरांतून हजारो लोक कुदळफावडी घेऊन खेड्यांत गेले. 1 मे हा महाराष्ट्र दिन, कामगार दिन, आणि आपल्या पंचांगात कामकरी संत जोसेफचा सण. पोप पायस बारावे यांनी तो 1955 साली या तारखेला ठरविला. शहरी माणसाने एक दिवस हातांना फोड येऊ द्यावेत हे चांगलेच आहे. पण ज्याचे पोट रोजंदारीवर आहे त्याचा एक दिवस आणि माझा एक दिवस सारखा नव्हे. 1972 च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने रोजगार हमी योजना आकारास आणली आणि 1977 साली तिचा कायदा केला, तेव्हा काम मागणे व त्याचे दाम मिळणे हा गरिबाचा हक्क मानला गेला. संत जोसेफनेही सुतारकामाचे दाम घेतलेच असतील. श्रमदान हे ज्याच्याकडे देण्यासारखा वेळ उरतो त्याचे दान आहे. ते सक्तीचे झाले की त्याला आपल्या पूर्वजांच्या काळी वेठ म्हणत.

आपल्या वसईचा अनुभव याबाबतीत काही शिकवू शकतो. 1918 साली मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांनी कॅथलिक सहकारी पतसंस्थेचा पाया घातला, तीच पुढे बसीन कॅथलिक बँक झाली. कर्जबाजारी शेतकऱ्याला त्या काळी धान्याची पोती देऊन त्याची भूक काही दिवस भागविता आली असती. त्यांनी त्याला सभासद केले. सभासदाच्या हातात भागपत्र असते, त्याला सभेत मत असते, आणि हिशेब पाहण्याचा अधिकार असतो. त्या वृद्धेच्या हाती पाणलोटाच्या सबंध योजनेत असा एकही कागद नव्हता.

पुढच्या प्रायश्चित्तकाळात त्याच गावाच्या दुसऱ्या टप्प्यासाठी मागणी आली तेव्हा मी कौन्सिलमध्ये ही हकीकत सांगितली. बरीच वादावादी झाली. देणगीवर अटी घालणारे आपण कोण, दूर बसून गावाचे राजकारण आपण का करावे, असे एका ज्येष्ठ सभासदाने विचारले, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. लहान समूहाच्या स्वातंत्र्याचे जे तत्त्व मी वर सांगितले तेच ते मला ऐकवीत होते. मी म्हणालो, पहिल्या वर्षी आपण अट न घालता पैसे दिले तेव्हाही आपण एका बाजूने राजकारण केलेच, फक्त ते आपल्याला दिसले नाही. शेवटी ठरले ते असे की अट घालायची नाही, प्रश्न विचारायचे. आम्ही गावाला पत्र लिहिले. त्यात तीन प्रश्न होते: ज्या घरांना जमीन नाही ती किती, चराईबंदीनंतर त्यांची किती जनावरे उरली, आणि डोंगरावरचे गवत आता कोण कापते.

उत्तर यावयास दोन महिने लागले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत होती, आणि ते आकडे लिहिण्यासाठी ग्रामसभेला त्या वस्तीवर जाऊन घरे मोजावी लागली असावीत. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर असे होते की गवताचा आजवर लिलाव होत असे. यंदापासून तो बंद करून ज्यांना शेत नाही अशा घरांना विळ्याने कापून नेण्यास पहिले पंधरा दिवस राखून ठेवले आहेत. विहिरींच्या पाण्याविषयी आम्ही काही विचारले नव्हते, आणि त्यांनीही काही लिहिले नव्हते. आम्ही पैसे पाठविले.

पुढल्या मे महिन्यात मी पुन्हा त्या खोपटासमोर गेलो. दावणीला दोन शेळ्या होत्या आणि त्यांच्यापुढे वाळल्या गवताचा भारा पडला होता. आजींनी मला ओळखले नाही. मी पाणी मागितले तेव्हा त्यांनी तांब्या भरून आणला आणि म्हणाल्या, “बेतानं प्या भाऊ, लांबून आणावं लागतंय.”